मला न विचारता काढलेल्या वाटा

मास्तरांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचून कुणाला वाटेल की गेला. तसं काही नाही.

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे शिक्षक. मूळचे पेठेतले, नंतर आमच्याकडे कोथरूडला राहायला आले. आमची ओळख घरामागच्या टेकडीवर झाली. रोज सकाळी सहाला पायथ्याशी आम्ही पाच-सहा जण जमायचो, वर जायचो, माथ्यावरच्या बाकावर बसून देश कसा चालवायला हवा ते ठरवायचो आणि खाली उतरून चहा प्यायचो. या मंडळाचा एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण कडक होता. माथा येईपर्यंत थांबायचं नाही. जो मध्ये थांबला तो म्हातारा झाला असं समजायचं, आणि त्याच्या तब्येतीची चौकशी सुरू करायची. पुण्यात एखाद्याच्या तब्येतीची चौकशी सुरू झाली की तो माणूस हिशेबातून गेला.

मी खडकीत वाढलो. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात कामगार होते. सोळाव्या वर्षी मी एका वर्कशॉपमध्ये लोखंड कातणाऱ्या लेथखालचा कीस झाडायला लागलो, आणि तिशीच्या आत पहिली जुनी लेथ लिलावात घेऊन, दुरुस्त करून विकली. पुढे तोच धंदा केला. जुनी मशीन बघायला गेलो की विकणारा सांगत असतो, "शेठ, एकदम लोण्यासारखी चालते." मी काही न बोलता बेडवरून, म्हणजे मशीनच्या लोखंडी पाटावरून, बोटं फिरवायचो. कुठे झीज आहे ते बोटांना कळतं. मग तो जो भाव सांगेल त्याच्या निम्मा मी सांगायचो, तो चिडायचा, मी त्याच्यापेक्षा जास्त चिडायचो, आणि शेवटी मी म्हणेन त्याच्या आसपास सौदा व्हायचा. मला आयुष्यात कुणी काही फुकट दिलेलं नाही. मीही कधी मागितलं नाही. याचा मला अभिमान आहे, किंवा परवापर्यंत होता.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. टेकडीच्या तिसऱ्या वळणावर एक सपाट काळा दगड आहे. तिथपर्यंत आलो आणि छातीत काहीतरी आवळलं. लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, लोखंडाचा तुकडा धरून किल्ली फिरवावी, तसं. दुखलं असं म्हणणार नाही. आवळलं. पाय आपोआप थांबले. पण नियमाप्रमाणे थांबायचं नव्हतं, आणि माझ्या शेजारी मास्तर होते, ज्यांच्यापुढे मी म्हातारा होणं शक्यच नव्हतं. मी हात लांब करून नैर्ऋत्येकडे बोट दाखवलं. डोंगरांच्या अलीकडे सकाळच्या उन्हात एक पट्टी चमकत होती.

"मास्तर, ते बघा. खडकवासल्याचं पाणी."

मास्तरांनी कपाळावर हात आडवा धरला, नीट बघितलं आणि म्हणाले, "पाणी? पत्रा आहे तो. कुठल्यातरी मंगल कार्यालयाचा."

आता हे ऐकून कुणाचं डोकं फिरणार नाही? भूगोलाचा शिक्षक, आणि आपण ज्याचं पाणी पितो ते धरण ओळखू येत नाही. मी म्हटलं, "अहो, मंगल कार्यालय एवढं मोठं असतं का?"

"हल्ली लग्नं मोठी असतात."

"आणि ते पत्र्यामागे डोंगर आलेत, ते काय वऱ्हाडी आहेत?"

"डोंगर पुण्याच्या चारी बाजूंना आहेत, शेठ. तुम्ही खडकीचे, तुम्हाला फक्त रेल्वे लाइन दिसली असेल."

अशी दोन-तीन मिनिटं गेली. बाकीचे "ह्यांचं चालू दे" म्हणत पुढे निघून गेले. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की छाती सुटली आहे. आम्ही वर गेलो. सगळ्यांनी विचारलं, कसलं भांडण? कुणीही विचारलं नाही की थांबलात का?

हा शोध मला माझ्या धंद्यातल्या कुठल्याही युक्तीपेक्षा मोठा वाटला. दम खायला उभा राहिलेला माणूस लगेच दिसतो. भांडायला उभा राहिलेला माणूस, निदान पुण्यात तरी, कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच दगडापाशी छाती आवळली, आणि मी म्हणालो, "काय मास्तर, पत्र्याला आज गंज चढला का?" मास्तर लगेच सुरू झाले. तिसऱ्या दिवशी तेच.

चार वर्षं हे चाललं. पावसाळ्यात पट्टी दिसायची नाही, तेव्हा मी मांजरी गावच्या प्लॉटचा विषय काढायचो. मांजरीला उसाच्या कडेचा एक प्लॉट मी मास्तरांना स्वस्तात मिळवून देत होतो, त्यांनी नको म्हटलं, आता तिथे मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत. हा विषय पाऊसभर पुरायचा. पण ऊन पडलं की पुन्हा धरण आणि पत्रा. मास्तरांचा हट्ट मला खरोखर असह्य व्हायचा. घरी येऊन मी बायकोला सांगायचो, "ह्या माणसाने मुलांना काय शिकवलं असेल?" ती म्हणायची, "उद्या दुसऱ्या कुणाबरोबर जा." ते मात्र मला जमत नव्हतं. दुसरा कुणी एवढा वेळ भांडायला तयार नसायचा.

मग तो दिवस आला ज्याच्यामुळे हा राग आहे.

थंडीचे दिवस होते. दगडापाशी नेहमीपेक्षा जरा जास्तच आवळलं होतं, म्हणून मी नेहमीपेक्षा जरा मोठ्यानेच भांडत होतो. मंडळी त्या दिवशी मागे होती, ती येऊन पोचली आणि आमच्याभोवती उभी राहिली. मास्तर एकदम बोलायचे थांबले. माझ्या तोंडाकडे बघत राहिले. आणि सगळ्यांसमोर, वर्गातल्या मुलाला सांगावं तशा आवाजात म्हणाले, "शेठ, तुम्हाला धरणाचं काही पडलेलं नाही. तुम्हाला धाप लागते, म्हणून तुम्ही भांडता. रोज, याच दगडापाशी. उद्या टेकडीवर येऊ नका. डॉक्टरकडे जा, छाती दाखवा."

मागून कुणीतरी हसलं.

धंद्यातला माणूस असाल तर तुम्हाला समजेल. चार गिऱ्हाइकं उभी असताना तुमच्या मशीनचा दोष कुणी ओरडून सांगितला, तर तुम्ही त्याला पुन्हा दुकानात उभं करत नाही. मी म्हणालो, "मास्तर, तुम्ही आधी तुमचा दुखरा गुडघा बघा." आणि उलटा वळून खाली उतरलो. दोन वर्षं त्यांच्याशी बोललो नाही. रस्त्यात दिसले तर मी पलीकडच्या फुटपाथवर जायचो. एकदा पलीकडे फुटपाथच नव्हता, तेव्हा एका लेडीज टेलरच्या दुकानात शिरलो होतो.

डॉक्टरकडे अर्थातच गेलो नाही. त्यांनी सांगितल्यावर कसा जाणार?

टेकडी मात्र सोडली नाही. मागच्या बाजूने, जिथून मंडळी येत नाहीत तिथून, एकटा जायला लागलो. अडचण एवढीच होती की थांबायला कारण हवं. तिथे ओळखीचं कुणी नव्हतं, तरी हवं. सवय म्हणा. मग मी मोबाइल वापरायला लागलो. छाती आवळली की उभं राहून कुणाला तरी फोन लावायचा. भोसरीचा एक व्यापारी, चाकणचा एक ट्रान्सपोर्टवाला, एक मोटर रिवाइंड करणारा, ज्याने कधी वेळेवर काम दिलं नाही. सकाळी सव्वासहाला मी त्यांच्याशी मनसोक्त भांडायचो. दोघांनी माझा नंबर ब्लॉक केला. रिवाइंडवाला मात्र घाबरून वेळेवर काम द्यायला लागला, त्यामुळे त्याच्याशी भांडायला कारण राहिलं नाही, आणि माझी पंचाईत झाली.

असं करत दोन वर्षं काढली. गेल्या वर्षी एका सकाळी तिथेच आवळलं, मी खिशातून फोन काढला, तर तो बंद. रात्री चार्जिंगला लावायचा राहिला होता. समोरून कॉलेजच्या दोन मुली कुत्रा घेऊन उतरत होत्या. आता नुसतं उभं कसं राहायचं? मी चालत राहिलो. आयुष्यातला हा माझा सगळ्यांत महागात पडलेला सौदा. वीस-पंचवीस पावलांवर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली बसलो. बसलो म्हणजे पडलो.

"काका, आर यू ओके?" एक मुलगी म्हणाली.

"बूट बांधतोय," मी म्हणालो.

"काका, तुमचे सँडल आहेत," दुसरी म्हणाली.

त्या दोघींनी मला धरून खाली आणलं. कुत्रा पुढे चालत होता. रिक्षात बसवताना पहिलीने बायकोचा नंबर विचारला. मला तेवढाच एक नंबर पाठ होता.

दोन दिवसांनी अँजिओग्राफी झाली. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या, फार बोलत नव्हत्या. त्यांनी मला आणि बायकोला स्क्रीनसमोर बसवलं. करड्या पडद्यावर काळ्या रेषा धडधडत होत्या.

"काका, ही तुमची उजवी रक्तवाहिनी. इथपर्यंत दिसते, पुढे दिसत नाही. पूर्ण बंद आहे."

"परवापासून?"

"परवा नाही. निदान काही वर्षं झाली असतील. आधी हळूहळू अरुंद होत गेली, मग बंद झाली."

मी म्हणालो, "मग मी चालतोय कसा?"

त्यांनी पुन्हा चित्र सुरू केलं. डाव्या बाजूची वाहिनी काळी झाली, आणि थोड्या वेळाने तिच्यातून केसांसारखे बारीक, नागमोडी धागे उजवीकडे सरकले आणि बंद वाहिनीचा पलीकडचा भाग मागच्या बाजूने भरत गेला.

"या आडवाटा आहेत," त्या म्हणाल्या. "जन्मापासून अगदी बारीक असतात, बऱ्याच जणांच्या वापरात नसतात. मुख्य रस्ता हळूहळू बंद व्हायला लागला की काही लोकांच्या त्या रुंद होतात. तुमच्या चांगल्या झाल्यात. म्हणून तो भाग अजून जिवंत आहे. काय करत होता तुम्ही? व्यायाम?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी खरं काय ते सांगितलं. टेकडी, दगड, धरण, पत्रा, फोन. माझ्या तोंडून पहिल्यांदाच ते सगळं एका ओळीत बाहेर पडलं, आणि ऐकायला फारच मूर्खपणाचं वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे छातीत आवळेपर्यंत चढायचं, मग थांबून भांडायचं, सुटलं की पुन्हा चढायचं. सहा वर्षं. रोज."

"रविवारी दोनदा," बायको म्हणाली.

"हे बघा काका, रक्ताची ओढ वाढली की या वाटा वाढायला मदत होत असावी, असं आम्ही मानतो. नियमित चालण्याचा फायदा आहेच. पण ते मापात, औषधं घेऊन, कुणाच्या देखरेखीखाली. तुम्ही जे केलंत तो उपचार नव्हता. त्यात तुम्ही सहज गेला असता. तुम्हाला नशिबाने वाचवलंय, अकलेने नाही."

हे वाक्य मला कुणी बाजारात ऐकवलं असतं तर मी काय केलं असतं ते लिहीत नाही. तिथे मात्र अंगात हिरवा गाऊन होता, आणि त्याची नाडी मागच्या बाजूला होती. हिरव्या गाऊनमध्ये घासाघीस होत नाही.

तरी मी प्रयत्न केला. त्यांचं म्हणणं होतं की बायपासचा विचार करावा लागेल. छाती उघडून. मी आयुष्यभर मशिनी उघडल्या आहेत. एकदा उघडलेली मशीन कितीही नीट जोडली तरी जाणकार माणूस बोल्टच्या डोक्याकडे बघून ओळखतो, आणि भाव पाडतो. मला माझी छाती उघडायची नव्हती. मी घाबरलो होतो, असंही म्हणता येईल. बायकोने तसंच म्हटलं. मी म्हणालो, "बाई, सहा महिने द्या."

"तीन," त्या म्हणाल्या. "औषधं वेळेवर. ही जिभेखालची गोळी कायम खिशात. रोज चालायचं, पण आवळायच्या आधी थांबायचं, आवळल्यावर नाही. तीन महिन्यांनी फिरत्या पट्ट्यावर चालवून तपासणी करू. चांगली आली तर थांबू, नाहीतर ऑपरेशन. आणि एकटं चालायचं नाही. तुम्हाला वेळेवर थांबवेल असं कुणीतरी बरोबर पाहिजे."

"भांडलेलं चालेल?"

"तुम्ही नाही भांडायचं."

घरी आल्यावर माझ्या त्या आडवाटांचं श्रेय कुणाचं यावर बराच खल झाला. बायकोच्या मते ते सकाळी उपाशीपोटी खाल्लेल्या लसणाचं. मुलगा हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, त्याच्या मते माझ्या आनुवंशिक जीन्सचं, म्हणजे पर्यायाने त्याच्याही. मी ज्या हृदयाला चौसष्ट वर्षं पोसलं, त्याने मला एका शब्दाने न विचारता आत एवढं मोठं काम काढलं आणि संपवलं, याबद्दल कुणाला काही वाटलं नाही. माझ्या गोडाऊनमध्ये कामगाराने भिंतीत खिळा मारला तरी मला विचारून मारतो.

मग बायकोला कुठूनतरी एक पत्रक मिळालं. "नैसर्गिक बायपास. ऑपरेशनशिवाय." मी गेलो. वातानुकूलित जागा, भिंतीवर गुलाबी हृदयाचं चित्र. एका पलंगावर एक गृहस्थ आडवे पडले होते. त्यांच्या पोटऱ्यांना, मांड्यांना पट्टे बांधले होते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर पट्टे फुगत आणि सुटत होते, आणि गृहस्थ पलंगावर लयीत उडत होते. तिथल्या गोड बोलणाऱ्या मॅनेजरने समजावलं की पायांतलं रक्त असं हृदयाकडे रेटलं की नव्या वाहिन्यांना चालना मिळते. रोज एक तास, पस्तीस बैठका.

"किती वाहिन्या होतील?" मी विचारलं.

"सर, ते पेशंटवर अवलंबून आहे."

"कमीत कमी?"

"सर, तसा आकडा नसतो."

"झाल्या नाहीत तर?"

"सर, बऱ्याच लोकांना बरं वाटतं."

"मी लेथ विकतो तेव्हा गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवतो. तुम्ही मला एक तरी वाहिनी चालवून दाखवा, मग पुढचं बोलू."

पलंगावरचे गृहस्थ उडता उडता म्हणाले, "मला जिना चढताना बरं वाटतं हो." मॅनेजरने त्यांच्याकडे कृतज्ञतेने बघितलं. मी भाव विचारला, निम्मा सांगितला, मग मॅनेजर आणि मी दोघंही उभे राहिलो, आणि माझ्या छातीत आवळायला लागलं. मी गोळी जिभेखाली ठेवून गप्प बसलो. नैसर्गिक बायपासच्या दुकानात अस्सल बायपासची वेळ यायला नको, म्हणून घरी आलो.

डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, "मशीन खोटं नाही. काहींचं दुखणं कमी होतं. पण नव्या वाहिन्या मोजून देतो असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नका. तुमच्याकडे आयत्या आहेत, त्या सांभाळा. चालायला कोण मिळालं?"

तोच प्रश्न होता. बायकोचे गुडघे पायरीवरच बोलतात. मुलगा सातला घर सोडतो. तो म्हणाला, "पप्पा, जिम लावा ना, तिथे ट्रेडमिल आहे, ट्रेनर असतो." तासभर चालून जिथल्या तिथे पोचायचं, हा सौदा मला कधी पटला नाही.

"मास्तरांना विचारा," बायको म्हणाली.

"मी मरेन, पण त्या माणसाला विचारणार नाही."

"हो, ते दोनच पर्याय आहेत," ती म्हणाली आणि लसूण सोलायला लागली.

धंद्याचा पहिला नियम असा की गरज आपली आहे हे समोरच्याला कळू द्यायचं नाही. मी मास्तरांच्या घरी गेलो नाही. ते सकाळी साडेसहाला ज्या डेअरीतून दूध घेतात, तिथे जाऊन उभा राहिलो. आमच्याकडे दूध घरपोच येतं. मास्तर आले. दोन वर्षांत वाळले होते, आणि चालताना उजवा पाय जरा जपून टाकत होते. मला बघून म्हणाले, "काय शेठ, आज लेडीज टेलर बंद?"

म्हणजे पाहिलं होतं.

मी म्हणालो, "सहज आलो होतो. टेकडीवर येता का हल्ली?"

"सोडली. तुम्ही गेल्यावर तिकडे सगळे एकमताचे लोक उरले. कंटाळा येतो." त्यांनी दुधाच्या पिशव्या कापडी पिशवीत ठेवल्या. "बंद कुठली आहे? उजवी का डावी?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे. लसणासकट."

मी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणालो, "डॉक्टर म्हणतात, बरोबर कुणीतरी हवं. वेळेवर थांबवणारं. मी आणखीही दोघा-तिघांना विचारणार आहे."

"विचारा की."

मी गप्प. ते गप्प. डेअरीवाल्याने सुटे पैसे मोजायचं थांबवलं आणि आमच्याकडे बघायला लागला. भाव करताना जो आधी बोलतो तो हरतो, हे मी चाळीस वर्षं लोकांना शिकवलं आहे.

"उद्या सहाला येता का?" मी म्हणालो.

"येतो. एक अट आहे," मास्तर म्हणाले. "यापुढे भांडण मी सुरू करणार."

मी मान्य केलं. घासाघीस न करता केलेला हा माझा पहिला सौदा.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मास्तर हळू चालत होते, मीही. दुसऱ्या वळणाच्या जरा पुढे, काळ्या दगडाच्या बरंच अलीकडे, माझी छाती अजून एकदम मोकळी असताना मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "त्या पत्र्याचं शेवटी काय ठरलं?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तोंड उघडलं, आणि त्यांच्या मनगटाकडे लक्ष गेलं. ते घड्याळ बघत होते.

"घड्याळ काय बघताय?"

"सवय. पहिल्या वर्षी तुम्हाला सावरायला दीड मिनिट लागायचं. शेवटी शेवटी तीन. आज दोनपासून सुरू करू."

मग मी सावकाश विचारलं, "म्हणजे तुम्हाला पहिल्या वर्षापासून माहीत होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून. ओठ निळसर व्हायचे तुमचे. लगेच चढू दिलं नसतं तर तुम्ही चिडला असता, आणि चढू दिलं असतं तर पडला असता. मग मी उलट बोलत राहायचो. तुम्हाला राग आला की तुम्ही जागचे हलत नाही."

"आणि पत्रा?"

"पाणीच आहे हो ते. एकतीस वर्षं भूगोल शिकवलाय मी."

चार वर्षं मी त्या माणसाला अडाणी म्हटलं होतं, आणि तो माझ्याकडून ते रोज मिनिटामिनिटाने ऐकून घेत होता. मला काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "मग एकट्यात सांगायचं होतं. सगळ्यांसमोर कशाला?"

"एकट्यात तीनदा सांगितलं. तीनही वेळा तुम्ही माझ्या गुडघ्यावर घसरलात. त्या दिवशी तुमचा रंग बघून वाटलं, लाज वाटली तरी चालेल, माणूस डॉक्टरकडे जाईल. तिथे माझं चुकलं. तुम्ही टेलरकडे गेलात. चला, दोन मिनिटं झाली."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती हसली नाही, त्यामुळे मला जास्तच राग आला. आतल्या वाटा मला न विचारता निघाल्या होत्या, इथवर मी समजून घेत होतो. बाहेरही कुणीतरी चार वर्षं मला न विचारता उभं राहिलं होतं, आणि त्याचा मोबदला ठरलेला नव्हता, मागितलेला नव्हता, आता देण्यासारखा उरलेलाही नव्हता. असा व्यवहार मला झोपू देत नाही.

तीन महिने रोज गेलो. मास्तर वळणावळणावर थांबायचे, विषय काढायचे, घड्याळ बघायचे. मला भांडायची मनाई होती, म्हणून मी फक्त "हूं" म्हणायचो. मांजरीच्या प्लॉटबद्दल मास्तरांनी माझ्या बाजूने आणि स्वतःच्या बाजूने असं दोन्हीकडून भांडून दाखवलं. माझी बाजू त्यांनी माझ्यापेक्षा चांगली मांडली, हेही मला आवडलं नाही.

मग तपासणी झाली. पट्ट्यावर चालताना डॉक्टरीणबाई कागदाकडे बघत होत्या, बायको माझ्याकडे बघत होती, आणि मी समोरच्या भिंतीवर पट्टीएवढी चमकणारी ट्यूबलाइट बघत होतो. आवळलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पट्टा थांबवला, कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "सध्या उघडायची गरज नाही. औषधं चालू, चालणं चालू. सहा महिन्यांनी या. भांडण बंद आहे ना?"

"माझ्याकडून बंद आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ ऊन होतं. तिसऱ्या वळणावर काळ्या दगडापाशी मास्तर सवयीने थांबले. ही बातमी मी त्यांना पायथ्याशीच दिली होती, त्यावर ते फक्त "बरं" म्हणाले होते. माझी छाती मोकळी होती. आणखी एक वळण सहज चढलो असतो. मास्तरांनी मनगट वर केलं, पण ते घड्याळाकडे बघत नव्हते. मास्तर दगडावर टेकले. दुसरा हात उजव्या गुडघ्यावर होता, आणि बोटं गुडघ्याला धरून बसली होती. बोलायला तोंड उघडत होते, पण श्वास पुरत नव्हता.

दूर नैर्ऋत्येला ती पट्टी चमकत होती. खालून मंडळींचा आवाज यायला लागला होता. ते वळणावर पोचले की तब्येतीची चौकशी सुरू होणार, हे ठरलेलं.

मी कपाळावर हात आडवा धरला, नीट बघितलं आणि मोठ्याने म्हणालो, "काही म्हणा मास्तर, मला तर आता तो पत्राच वाटतो."